बारा लिटर

रासईच्या यार्डात बावीस वर्षं
मी लोखंड कापतो.
ऑक्सिजनचा सिलिंडर माझा खांदा ओळखतो.
तेलकट हात व्हॉल्व्हला लावायचा नाही,
हे पोरांना शिव्या देऊन शिकवलंय.
अशा मला
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
डाव्या डोळ्यामागे कुणीतरी टॉर्च लावून
आतून कापायला घेतं.

पाऊण तास, कधी तास.
डोळा गळतो, तीच नाकपुडी गळते,
पापणी अर्ध्यावर येते, दुकानाच्या शटरसारखी.
उठून बसतो,
आणि बसवतही नाही.

आधी दाढ काढली. वरची, डावी.
चांगली होती बिचारी.
मग सायनस झालं, मग चष्मा झाला,
पुतण्या म्हणाला, काका, स्ट्रेस.
हेमावतीने देवळात कौल लावला,
उजवी पाकळी पडली, आम्ही खूश.
त्या रात्रीही दोन-दहालाच आलं,
मिनिटभराचा मान नाही दिला देवाला.

बांबोळीला डॉक्टर मिनेझिस बाईंनी
स्कॅन बाजूला ठेवून एकच विचारलं,
"दुखतं तेव्हा पडून राहता, की चालता?"
मी गप्प.
हेमावती बोलली,
"चालतात. काल तुळशीभोवती
एकशे चाळीस फेऱ्या झाल्या.
मी खिडकीतून मोजते.
दुसरं काय करणार मी?"
बाईंनी पेन खाली ठेवलं.
"अर्धशिशीवाला अंधार शोधून पडतो.
तुमचं हे वेगळं."
नाव सांगितलं. क्लस्टर.
नावाने दुखणं काही कमी झालं नाही,
पण बायको ओपीडीच्या बाकावर रडली,
पाच वर्षांचं एकदम.

आता कागदावर असं आहे:
स्टेरॉइडच्या गोळ्या, पायरी पायरीने उतरत.
दुसऱ्या गोळ्या तीन वेळा, आणि डोस वाढला
की छातीची पट्टी काढायची,
डोकं सांभाळताना हृदयाचा ठोका चुकू नये म्हणून.
मांडीत घ्यायचं इंजेक्शन, दहा मिनिटांत काम करतं,
पण किंमत अशी
की मी दुखणं आधी जरा तोलून बघतो.
मानेच्या मागे एक सुई, लागलीच तर.
आणि ऑक्सिजन.
मिनिटाला बारा लिटर, पिशवीवाला मास्क,
पुढे वाकून पंधरा मिनिटं.
मी हसलो. बाईंना कळेना का.

फोंड्याचा पुरवठादार म्हणाला,
"घरात दमा कुणाला?"
"डोकं दुखतं. माझं."
त्याने चिठ्ठी दोनदा वाचली.

यार्डातला काळा, हाही काळाच,
फक्त खांदे पांढरे.
"तिथलाच उचलून आण की," कैतान म्हणाला.
नाही रे. तो लोखंडाचा.
हेमावतीने समई बाहेरच्या खोलीत नेली,
माझी विडी अंगणाच्या पलीकडे गेली.
ऑक्सिजन स्वतः जळत नाही, सांगितलं तिला,
दुसऱ्याला जळायला मदत करतो.
"तुमच्या भावासारखा," म्हणाली.

मार्च-एप्रिल. काजूचे दिवस.
वाड्यावर उर्राक उतरते,
कैतान लिंबू पिळून, मिरची चिरून ग्लास पुढे करतो.
एक घोट, अर्ध्या तासात टॉर्च पेटते.
सीझन संपला की घ्या, बाई म्हणाल्या.
पण माझा नि उर्राकचा
सीझन एकच.

परवा पुरवठादाराचा फोन,
सिलिंडर परत नेऊ का?
निम्मा आहे अजून, म्हटलं. राहू दे.

काल दोन-दहाला सवयीने जाग आली.
मास्क हातात, किल्ली व्हॉल्व्हवर.
काहीच नाही.
दोन-वीस. दोन-पंचवीस.
हेमावती झोपेतच पुटपुटली,
"किती झाल्या?"
"एकही नाही."
ती कूस वळली.
मी तीनपर्यंत जागा,
विडीसाठी अंगणापलीकडे जावं की नको,
ठरवत.